यावी, यावा आणि अर्धा किलो बॉम्बे

फिलिपाइन्समधल्या सेबूला जाऊन तीनच आठवडे झाले होते आणि मी खोलीची चावी हरवली. रात्रीचे साडेनऊ, वर पाऊस, हातात भाजीची भिजलेली पिशवी, आणि दारात घरमालकीणबाई उभ्या. मी आदल्याच दिवशी पाठ केलेलं वाक्य मोठ्या ऐटीत टाकलं, "नावाला आकोंग यावा, नांग." म्हणजे, नांग (ताई), माझी चावी हरवली. बाईंनी आधी छातीवर क्रॉस केला, मग माझ्याकडे नीट बघितलं, आणि मग जे हसायला लागल्या ते भिंतीला टेकून खाली बसेपर्यंत हसतच होत्या. चावीला तिकडे यावी म्हणतात. यावा म्हणजे सैतान. शिवाय ती तिथली रोजची शिवीपण आहे, रिक्षावाल्यापासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी. तर मी भर पावसात दारात उभं राहून सांगत होते की नांग, माझा सैतान हरवलाय, तुमच्याकडे एखादा डुप्लिकेट आहे का?

पुढची दोन वर्षं त्या गल्लीत मला 'तो सैतान सापडला का' असं विचारलं गेलं. असो.

पण त्या रात्री झोपताना डोक्यात दुसरंच घोळत होतं. यावी. चावी. इतकं जवळ? मी वसईची. किल्ल्याच्या पडक्या भिंतींवर बसून आम्ही कैऱ्या खाल्ल्यात, त्यामुळे पोर्तुगीज आमच्याकडे चावी ठेवून गेले हे मला शाळेपासून माहीत होतं. लॅटिनमधला क्लाव्हिस, त्याचं पोर्तुगीजांनी केलं चावे (आता ते शाव्ह म्हणतात, पण जहाजांतून उतरले तेव्हाचा उच्चार 'च'च्या जवळचा), आणि शेजारच्या स्पॅनिश लोकांनी केलं यावे. एक भाऊ पश्चिमेकडून आफ्रिकेला वळसा घालून वसईला आला, दुसरा भाऊ उलट्या बाजूने अमेरिका ओलांडून, पॅसिफिक पार करून सेबूला गेला, दोघांनी आपापल्या घरची चावी तिथे विसरली, आणि पाचेकशे वर्षांनी मी दोन्ही चाव्या एकाच पर्समध्ये घेऊन हिंडत होते. खरं तर एकच, कारण दुसरी हरवली होती.

2015 ला ऑफिसने मला सेबूला पाठवलं तेव्हा मी खूश होते कारण मी वर्षभर ड्युओलिंगोवर स्पॅनिश केलेलं. फिलिपाइन्सवर स्पेनने तीनशे तेहेतीस वर्षं राज्य केलं, 1565 ते 1898, म्हणजे आपलं स्पॅनिश तिथे धावेल असा माझा साधा हिशोब. सेबू तर त्यांचं पहिलंच ठाणं. मॅगेलन 1521 ला तिथेच आला, समोरच्या माक्तान बेटावर लापुलापूच्या माणसांनी त्याला मारलं, आणि चव्वेचाळीस वर्षांनी स्पेनचा लेगास्पी आला तो राहायलाच. शहरातल्या सगळ्यात जुन्या रस्त्याचं नाव कोलोन, म्हणजे कोलंबस. एवढं सगळं असताना स्पॅनिश चालणार नाही होय?

नाही चालत. शब्द चालतात, भाषा नाही. आणि शब्दपण आपल्या मर्जीने चालतात, हे मला प्लंबरने शिकवलं.

बाथरूमचा नळ गळत होता. नळाला ग्रिपो, प्लंबरला तुबेरो, दोन्ही स्पॅनिशवरूनच, त्यामुळे मी आत्मविश्वासाने फोन केला. उद्या येणार का? तो म्हणाला, "सिगुरो." स्पॅनिशमध्ये सेगुरो म्हणजे नक्की, पक्कं, खात्रीने. मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली, दिवसभर घरी बसले, जेवणसुद्धा मागवलं नाही की बेल वाजली आणि चुकून तोच असला तर. संध्याकाळी नांगला सांगितलं की माणूस खोटारडा आहे, सिगुरो म्हणाला आणि आला नाही. ती म्हणाली, अगं मग बरोबरच की, सिगुरो म्हणाला ना. कारण बिसायात, म्हणजे सेबूच्या भाषेत, आणि मनिलाच्या तागालोगमध्येही सिगुरो म्हणजे 'बहुतेक'. 'बघू.' 'जमलं तर.' आपल्याकडचा सुतार "उद्या येतोच बघा ताई" म्हणतो तेव्हा त्याचा जो अर्थ असतो ना, तेवढाच.

हे कसं झालं असेल यावर मी खूप विचार केलाय, आणि माझं स्वतःचं मत (कोणाचाही आधार नाही, फक्त गळका नळ) असं की साहेबासमोर 'नक्की, नक्की' म्हणायची सवय असलेल्या माणसांनीच हा शब्द असा मऊ केला असणार. गोऱ्या पाद्र्याने विचारलं, उद्या चर्चच्या बांधकामाला येणार? सिगुरो, पाद्रे. आणि मग दुसऱ्या दिवशी सगळा गाव मासे मारायला. तीनशे वर्षांत नक्कीचं बहुतेक व्हायला असे किती उद्या लागले असतील! डेलिकादोचं पण तसंच, स्पॅनिशमध्ये नाजूक, इकडे धोकादायक, विजेच्या खांबावर लिहिलेलं असतं तसलं धोकादायक. स्येंप्रे म्हणजे तिकडे 'नेहमी', इकडे 'अर्थातच'. आपणही काय कमी केलंय, अरबीत गरीब म्हणजे परका, घरापासून लांब आलेला माणूस, आपण त्याच्या खिशात बघितलं आणि अर्थ बदलून टाकला.

साबणाला तिकडे साबोन म्हणतात. पहिल्यांदा दुकानात ऐकलं तेव्हा वाटलं दुकानदार मराठी बोलला. (आपला साबण अरबी-फारसीतून आला की पोर्तुगीज साबांववरून यावर जाणकार भांडतात, पण खोलात गेलं की दोन्ही वाटा लॅटिनलाच जातात, त्यामुळे मी त्या भांडणात पडत नाही.) गंमत ही की ड्युओलिंगोने मला साबणाला 'हाबोन' शिकवलेलं. आजच्या स्पॅनिशमध्ये 'ह'च आहे. मग सेबूत 'स' कुठून? तर सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक स्वतःच 'शाबोन' म्हणायचे. फिलिपिनो जिभेला 'श' नव्हता, त्यांनी 'स' केला. नंतर स्पेनमध्ये त्या 'श'चा घशातला 'ह' झाला, आणि त्यानंतर जे शब्द आले ते 'ह' घेऊन आले, जसं काम म्हणजे त्राबाहो, गुरुवार म्हणजे हुवेबेस. म्हणजे नुसत्या उच्चारावरून कळतं की कुठला पाहुणा आधी आला आणि कुठला मागाहून, कांद्याचे पापुद्रे सोलल्यासारखं. स्पेनमध्ये आज कोणी शाबोन म्हणत नाही. तो जुना आवाज मेला. पण सेबूच्या गल्लीत पाच पेसोची पुडी मागणारं पोर त्याची सावली रोज तोंडात घेऊन फिरतं आणि त्याला पत्ताही नाही.

कांद्याचं नाव निघालंच आहे तर सांगतेच.

सेबूत कार्बोन नावाचा मोठा जुना बाजार आहे. कार्बोन म्हणजे कोळसा, परत स्पॅनिश. तिथे एका भाजीवाल्या मावशीने मला विचारलं, कुठची तू? इंडिया म्हटलं तर ती "आह, बुंबाय!" म्हणाली. तिकडे सरसकट सगळ्या भारतीयांना बुंबाय म्हणतात, पंजाबी असो, सिंधी असो की तमिळ. त्यातून मोटरसायकलवरून फिरून व्याजाने पैसे देणारे आपले लोक तिथे गल्लोगल्ली आहेत, पाच घ्या सहा परत करा असा त्यांचा हिशोब, त्यामुळे बुंबाय म्हटलं की लोकांच्या चेहऱ्यावर एकदम हप्ता आठवल्याचे भाव येतात. मला मात्र भरून आलं. वसईवाल्यांना मुंबईकर मोजायला मुंबईकर तयार नसतात, इथे कोणीतरी मोजलं. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "ओओ, बॉम्बे!" मावशीने मान डोलावली, तागडीत हात घातला आणि अर्धा किलो कांदे तोलून माझ्या पिशवीत टाकले.

कारण बिसायात बॉम्बे म्हणजे कांदा. सिबुयास बॉम्बे, म्हणजे मुंबईचा कांदा, आणि पुढे नुसताच बॉम्बे. सिबुयास हे स्पॅनिश सेबोयास, त्याला जोडलेलं आपलं शहर, आणि मग नवऱ्याचं नाव गळून बायकोचंच राहावं तसं झालं. घरोघरी फोडणीला 'आहोस' आणि 'बॉम्बे' पडतात. आहोस म्हणजे लसूण, स्पॅनिश आहोसच. मनिलात तागालोग माणूस लसणाला बावांग म्हणतो, तो त्यांचा जुना घरचा शब्द, पण सेबूकरांनी लसूणसुद्धा स्पेनकडून घेतला. मी ते कांदे पैसे देऊन घरी आणले. नाही म्हणायला शब्द नव्हते.

भाजीबाजारात अजून एक खोड दिसते. मान्सानास म्हणजे सफरचंद, उबास म्हणजे द्राक्ष, कामातिस टोमॅटो, पातातास बटाटा, सापातोस बूट. शेवटचा तो 'स' म्हणजे स्पॅनिशमधलं अनेकवचन. पण बाजारात कोणी एक सफरचंद विकायला ठेवतं का? ढीग असतो. स्पॅनिश माणूस ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला मान्सानास, इकडच्याने ते फळाचं नाव समजून घेतलं, त्यामुळे आता एका सफरचंदालाही मान्सानास आणि एका पायातल्या बुटालाही सापातोस. आमची आजी चपलांना सपाता म्हणायची, तो पोर्तुगीज सापातो. आजीचा शब्द मला कार्बोन बाजारात रबरी सँडलच्या ढिगाशेजारी भेटला आणि खरं सांगते, मी बूट घ्यायला थांबले नव्हते, तरी घेतले. तसंच मेजाचं. ला मेसा, 'ला' हे नुसतं उपपद, पण बिसायात अख्खं चिकटून लामेसा झालंय. वेळ सांगताना आलास साइस, सहा वाजता, त्यातपण असंच 'आ लास' पोटात.

साखर मात्र मला सगळ्यात आवडते. सेबूत आसुकार, मनिलात आसुकाल. मूळ शोधत गेलं तर स्पॅनिश आसुकार, त्यामागे अरबी सुक्कर, त्यामागे फारसी आणि सगळ्यांच्या मागे आपली शर्करा. म्हणजे एक शर्करा घरातल्या घरात बसून साखर झाली, आणि दुसरी बगदाद, कोर्दोबा, मेक्सिको असं जग फिरून सेबूच्या बरणीत जाऊन बसली.

मेक्सिको का, तर हा सगळा कारभार माद्रिदहून थेट चालतच नव्हता. 1821 ला मेक्सिको स्वतंत्र होईपर्यंत फिलिपाइन्सचा कारभार मेक्सिकोमार्फत व्हायचा, आणि 1565 पासून 1815 पर्यंत मनिला ते आकापुल्को अशी गलबतं अडीचशे वर्षं जात-येत राहिली. त्यामुळे ज्याला आपण स्पॅनिश शब्द म्हणतो त्यातले कितीतरी स्पॅनिश नाहीतच. आठवडी बाजारासारखे स्टॉल लागतात त्याला त्यांगे म्हणतात, तो मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला तियांगिस. रताळ्याला कामोते, तोही तिथलाच. मिरची सिली, तीही. आणि ह्यावर हसू नका, कारण आपला बटाटा कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा शब्द आहे आणि तिथे तो बटाट्याला नव्हताच, रताळ्याला होता. म्हणजे आपण गेली काही शतकं रताळ्याच्या नावाने बटाट्याची भाजी करतोय. उपासाला दोन्ही चालतात म्हणून कोणी आक्षेप घेतला नाही इतकंच.

आता, भाषा का नाही आली? मला हे कोडं बराच काळ सुटत नव्हतं. मेक्सिको, पेरू स्पॅनिश बोलतात, मग फिलिपाइन्स का नाही? एक तर स्पॅनिश माणसं तिथे फार थोडी होती, इतका लांबचा प्रवास कोण करणार. आणि जे पाद्री गावोगाव पसरले त्यांनी लोकांना स्पॅनिश शिकवण्याऐवजी स्वतःच तागालोग, बिसाया शिकून घेतल्या. 1593 ला मनिलात जे ख्रिस्ती शिकवणीचं पुस्तक छापलं ते स्पॅनिश आणि तागालोग दोन्हीत होतं. आपल्याकडे गोव्यातल्या साष्टीत फादर स्टीफन्स मराठीत ओव्या रचत होते तोच साधारण हा काळ. लोकांना देव द्यायचा तर त्यांच्या भाषेत द्यावा, आणि भाषा आपल्याकडेच ठेवावी म्हणजे सरकार आणि गाव यांच्या मधला माणूस नेहमी आपणच राहतो. हा हिशोब मला तरी फार हुशार वाटतो, आणि थोडा दुष्टही. मग 1898 ला स्पेनने वीस दशलक्ष डॉलरला अख्खा देश अमेरिकेला देऊन टाकला आणि शाळेत इंग्रजी आली. राहिले ते शब्द. होसे रिसाल, त्यांचा राष्ट्रपुरुष, ज्याला 1896 ला गोळ्या घातल्या, त्याने जवळजवळ सगळं स्पॅनिशमध्ये लिहिलं आणि आज त्याच्या देशातली बहुतेक मुलं ते भाषांतरातून वाचतात.

देवावरून आठवलं. त्यांच्यात देवाला दियोस म्हणतात, स्पॅनिश. पण स्पॅनिश यायच्या कितीतरी आधी संस्कृतही तिथे पोचली होती, मलय बेटांमधून फिरत फिरत, त्यामुळे तागालोगमध्ये चेहऱ्याला मुखा म्हणतात, शिक्षकाला गुरो, आणि दिवाता हा शब्द आहे जो आपला देवताच. आता लॅटिनचा देउस आणि आपला देव हे मुळातले भाऊ. म्हणजे एकाच घरातले दोघं, एक पूर्वेकडे आणि एक पश्चिमेकडे निघाले आणि ह्या बेटांवर समोरासमोर आले. पश्चिमेकडे निघालेला तलवार घेऊन आला होता, तो दियोस झाला. आपली दिवाता झाडांमध्ये, डोंगरात राहणारी परी होऊन बसली. ती जास्त सुंदर आहे असं मला वाटतं, पण माझं मत घरच्या बाजूनेच असणार.

आडनावांचंही बघा. नांगचं आडनाव एकदम माद्रिदच्या सरदाराचं वाटायचं. मी एकदा विचारलं, तुमचे कोणी पूर्वज स्पॅनिश का? ती म्हणाली, आमचे पूर्वज कोळी. 1849 ला क्लावेरिया नावाच्या गव्हर्नरने हुकूम काढला की सगळ्यांना ठरलेली आडनावं पाहिजेत, त्यासाठी आडनावांची एक जाडजूड यादीच गावोगाव पाठवली आणि लोकांनी त्यातून नावं घेतली. काही गावांना एकच पान मिळालं म्हणे, म्हणून सगळ्या गावाची आडनावं एकाच अक्षराने सुरू होणारी. याच क्लावेरियाने त्याआधी एक दिवस पण गिळला होता. फिलिपाइन्सवाले मेक्सिकोच्या बाजूने आल्यामुळे त्यांची तारीख आशियाच्या एक दिवस मागे चालायची, ती सरळ करायला 1844 मध्ये 30 डिसेंबरनंतर थेट 1 जानेवारी आणली. त्या वर्षी तिकडे 31 डिसेंबर झालाच नाही. वसईत आमच्या शेजारी लोपीस, पलीकडे दिसोझा, समोर परेरा, सगळे अस्सल मराठी बोलणारे, आणि त्यांनाही लहानपणी कोणीतरी विचारायचंच की तुम्ही पोर्तुगीज का.

आणि वसई-सेबूचं नातं मी काही ओढूनताणून लावत नाहीये. ज्या फेलिपे दुसऱ्याच्या नावावरून फिलिपाइन्स झालं, त्याने 1580 ला पोर्तुगालची गादीही घेतली, आणि 1640 पर्यंत स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाखाली होते. म्हणजे साठ वर्षं गोवा, वसई, मनिला, सेबू सगळे एकाच मालकाचे भाडेकरू. सेबूच्या बंदरावर फोर्ट सान पेद्रो म्हणून छोटासा त्रिकोणी किल्ला आहे, आधी लाकडी होता, दगडी रूप 1738 चं सांगतात. पुढच्याच वर्षी, 1739 ला, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मी त्या किल्ल्याच्या तटावर बसून हे गणित केलं आणि शेजारी सेल्फी काढणाऱ्या मुलांना सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. त्यांना काय त्याचं.

जीपनीतून, म्हणजे तिकडच्या लांबलचक शेअर जीपमधून, उतरायचं असलं की सेबूत ओरडायचं, "लुगार लांग, नोंग!" लुगार म्हणजे स्पॅनिशमध्ये जागा. अर्थात, जागेवर थांबवा हो दादा. नोंग हा मानोंगचा छोटा अवतार, मानोंग म्हणजे एर्मानो, भाऊ, आणि बाईला नांग, मानांग, एर्माना. हे असं शेवटचं टोक धरून हाक मारणं मला लगेच जमलं, दादाचं दा आणि काकूचं कू आपण पण करतोच. जीपनीत शिरून बसायचं, भाडं म्हणजे प्लेते पुढच्याच्या हातात द्यायचं, हातोहात ते ड्रायव्हरपर्यंत जातं आणि सुटे पैसे तसेच परत येतात, आपल्या डबलडेकरमध्ये पण कधी असं झालं नसेल. एकदा ऑफिसच्या कामाने मनिलाला गेले. सवयीने जीपनीत ओरडले लुगार लांग. गाडी चालूच. परत ओरडले. लोक वळून बघायला लागले. शेवटी एक कॉलेजची मुलगी "पारा पो!" म्हणाली आणि गाडी थांबली, पण माझा स्टॉप मागे राहिला होता. मनिलात पारा, म्हणजे स्पॅनिश पारार, थांबणे. दोघांनी एकाच दुकानातून माल घेतला, फक्त वेगवेगळा. आठवड्याला सेबूकर सेमाना म्हणतो, मनिलाकर लिंगो म्हणतो, आणि तो लिंगो म्हणजे दोमिंगो, रविवार, झिजून झिजून इतका झिजलाय की ओळखू येत नाही. पैशाला मनिलात पेरा, सेबूत क्वार्ता, दोन्ही जुन्या स्पॅनिश नाण्यांवरून.

सेबूच्या लोकांना मनिलाचा राग आहे. राष्ट्रभाषा तागालोगवर बेतलेली, टीव्हीवर तागालोग, आणि टीव्हीवरच्या मालिकेत मोलकरीण असली की ती हमखास बिसाया हेल काढून बोलणार. हे मी समजावून घ्यायची गरज नव्हती, आपल्याकडे हिंदी सिनेमातली बाई आठवली की झालं.

ह्या मालिकांमुळेच मला दोन शब्द मिळाले, बिदा आणि कोंत्राबिदा. बिदा म्हणजे हीरो, कोंत्राबिदा म्हणजे व्हिलन. मूळ स्पॅनिश विदा, म्हणजे आयुष्य. हीरो म्हणजे आयुष्य आणि व्हिलन म्हणजे आयुष्याच्या विरुद्ध, हा शोध स्पेनमध्ये कोणाला लागला नाही, इथे लागला. मित्रांच्या टोळक्याला बारकादा म्हणतात, मूळ अर्थ एका होडीत मावतील इतकी माणसं. आणि गंमत म्हणजे वस्तीला, वॉर्डला ते बारांगाय म्हणतात तो त्यांचा स्वतःचा जुना शब्दपण होडीवरूनच. समुद्रातली माणसं ती, घेतलेला शब्द आणि घरचा शब्द दोन्ही शेवटी होडीतच जाऊन बसले.

त्यांच्या भाषेत तो-ती नाही. दोघांना सिया. आपण तर खुर्चीला बाई करून ठेवलंय, त्यामुळे मला सुरुवातीला फार निवांत वाटायचं. पण स्पॅनिश 'ओ' आणि 'आ' मात्र त्यांनी घेतले आणि मग स्वतःच्या शब्दांना लावत सुटले. दुकानवाला तिंदेरो, दुकानवाली तिंदेरा, हे सरळ. पिनोय आणि पिनायमध्येही तसाच भेद आला. आणि 'एरो' ही शेपटी, काम करणाऱ्याची, ती लावली बाबाए म्हणजे बाईला, आणि झाला बाबाएरो, बायकांच्या मागे फिरणारा. कोंबड्यांची झुंज साबोंग, तर साबुंगेरो. हे शब्द कुठल्याही स्पॅनिश डिक्शनरीत नाहीत. शेपटी त्यांची, प्राणी ह्यांचा. आपण पोस्टलं, फॉरवर्डलं करतो तेव्हा आजोबांना त्रास होतो, मला वाटतं भाषा धडधाकट असल्याशिवाय एवढं करवतच नाही तिच्याने.

अर्थात शुद्धीवाले तिकडेही आहेत. खुर्चीला सिल्या म्हणतात ते परकं, म्हणून कोणीतरी सालुंपुवित असा शब्द काढला, त्याचा अर्थ ढुंगण झेलणारं. तो फक्त विनोदात जिवंत आहे, आपल्या अग्निरथगमनागमनवाल्या सिग्नलसारखा. (दिनांक आणि महापौर मात्र आपल्याकडे रुजले, तेव्हा सगळंच हसण्यावारी नेऊ नये.) आणि उलटंही आहे. काही लोक भारी वाटावं म्हणून स्पॅनिशसारखा दिसणारा शब्द बनवतात जो स्पॅनिशमध्ये नसतोच, इंग्रजी कंटेम्पररीवरून कोंतेंपोरार्यो, खरा स्पॅनिश शब्द कोंतेंपोरानेओ. व्हिर्जिलियो अल्मारियो, तिथले राष्ट्रीय कलाकार आणि मोठे कवी, अशांना स्योकोय म्हणतात, अर्धा मासा अर्धा माणूस असा समुद्रातला राक्षस. आपल्या सरकारी परिपत्रकांतही भरपूर पोहतात हे.

2016 ची दिवाळी मी तिथे एकटीने केली. आकाशकंदिलाची सोय फुकटात झाली कारण सेबूत नाताळ सप्टेंबरलाच सुरू होतो. नाताळ म्हणजे पास्को, स्पॅनिश पास्कुआवरून. दुकानांत कागदाचे, शिंपल्यांचे चांदणीच्या आकाराचे कंदील लटकलेले असतात, त्यांना पारोल म्हणतात, म्हणजे फारोल, 'फ' जिभेला जमला नाही म्हणून 'प'. वसईत आमचा आकाशकंदील उतरायचा तेव्हा शेजारच्यांची चांदणी चढायची, इथे एकाच वस्तूत दोन्ही. मी लाल-पिवळा घेतला. पणत्या कुठून आणणार, तर मेणबत्त्या. मेणबत्ती तिकडे कांदिला, आणि हा कांदिला नि आपला कंदील एकाच लॅटिन कांदेलाची पोरं, आपला अरबस्तानातून आला एवढंच. ऑक्टोबरच्या शेवटी सेबूत मेणबत्त्यांना तोटा नसतो, प्रत्येक कोपऱ्यावर ढीग. मला वाटलं वा, काय सोय आहे.

त्या वर्षी भाऊबीज 1 नोव्हेंबरला आली. मी संध्याकाळी खिडकीत ओळीने मेणबत्त्या लावल्या, ताटात हळदकुंकू, लॅपटॉप उघडून भावाचा कॉल लागायची वाट बघत बसले. दारावर थाप. नांग, काळ्या कपड्यांत, चेहरा पडलेला. आत आली, खिडकीकडे बघितलं, माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "किंसाय नामाताय?" कोण गेलं?

ते मेणबत्त्यांचे ढीग कालाग-कालागसाठी होते. 1 आणि 2 नोव्हेंबरला अख्खं सेबू कबरस्तानात जाऊन आपल्या माणसांसाठी मेणबत्त्या लावतं, रात्र रात्र तिथेच बसतं, खातंपितं, गप्पा मारतं. मी घाईघाईने सांगितलं, कोणी नाही गेलं, भाऊ आहे, जिवंत आहे, धडधाकट आहे, त्याच्यासाठीच लावल्यात. जिवंत माणसासाठी? हो. ती थोडा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, बरं मग, तो जिवंतच आहे तर त्याला घाई नाही, माझ्या नवऱ्याच्या मेणबत्त्या कमी पडतायत आणि कोपऱ्यावरच्या आता संपल्या, ह्या नेऊ का? आणि फुंकर मारून एकेक विझवत सगळ्या पिशवीत भरल्या. जाताना ताटात भाताचा गोड चिकट वडीसारखा बिको ठेवून गेली.

तेवढ्यात कॉल लागला. भाऊ म्हणाला, ओवाळतेस ना, मला पाटावर बसून पाय दुखायला लागलेत. मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि लॅपटॉपला तीनदा ओवाळलं.